थंडरबर्ड मुळापासून काढून नव्याने बसवताना: आधी मेल, मग प्रोग्रॅम

मेल वाचण्या-पाठवण्याचा थंडरबर्ड हा प्रोग्रॅम अनइन्स्टॉल केला, कॉम्प्युटर बंद करून चालू केला, पुन्हा डाउनलोड करून बसवला, आणि उघडल्यावर तीच खाती, तोच अडकलेला इनबॉक्स, तीच एरर. बेळगाव, खानापूर, निपाणी भागात कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या कुणालाही विचारा, ही तक्रार त्याला पाठ असते. कारण सरळ आहे. थंडरबर्डचा प्रोग्रॅम एका जागी असतो आणि तुमची मेल, पत्ते, पासवर्ड, सेटिंग दुसऱ्या जागी. या दुसऱ्या जागेला प्रोफाइल म्हणतात. अनइन्स्टॉल केल्यावर पहिली जागा रिकामी होते, दुसरीला सहसा धक्काही लागत नाही. बिघाड मात्र बहुतेक वेळा दुसरीकडेच असतो.

याची उलटी बाजू जास्त महाग पडते. कुणीतरी ‘एकदम क्लीन करून देतो’ म्हणत प्रोफाइलही डिलीट मारतो आणि वर्षानुवर्षांची कोटेशनं, पर्चेस ऑर्डरी, ड्रॉइंगं जातात. बेळगावच्या उद्यमबाग या कारखान्यांच्या भागातल्या छोट्या मशीन शॉपमध्ये सगळा पत्रव्यवहार ऑफिसातल्या एकाच कॉम्प्युटरवर असतो. रेटवरून गिऱ्हाइकाशी वाद झाला की त्या दिवशीची मेलच कामाला येते. शिवाय जीएसटीचे हिशेब आणि कागद वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून 72 महिने सांभाळावे लागतात, आणि हल्ली निम्मी बिलं मेलनेच येतात. म्हणून या लेखात प्रोग्रॅम काढायची पायरी बरीच उशिरा येईल.

पुढचं सगळं विंडोज 10 आणि 11 वरच्या थंडरबर्डसाठी आहे. मेन्यू, फाइली, फोल्डर यांची नावं स्क्रीनवर रोमन लिपीत दिसतील. इथे ती उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. विंडोजचं स्वतःचं ‘मेल’ अॅप वापरत असाल तर ते परत बसवण्याच्या नादाला लागू नका, मायक्रोसॉफ्टने त्याचा सपोर्ट 31 डिसेंबर 2024 ला संपवला. आउटलुकच्या जुन्या, ऑफिसबरोबर येणाऱ्या आवृत्तीत कंट्रोल पॅनेलच्या ‘मेल’मधून नवं प्रोफाइल बनवलं की बरेचदा भागतं, आख्खं ऑफिस काढावं लागत नाही.

काढायलाच हवा का, ते आधी बघा

पहिली नजर घड्याळावर टाका, खाली उजव्या कोपऱ्यात. तारीख मागे गेली असेल तर दोष थंडरबर्डचा नाही. जुन्या कॉम्प्युटरच्या मदरबोर्डवर सीआर 2032 नावाचा चपटा गोल सेल असतो. तो संपला की लाईट जाऊन आल्यावर तारीख भलत्याच वर्षात जाते. मग मेल सर्व्हरचं सर्टिफिकेट कॉम्प्युटरच्या हिशेबाने अजून सुरूच झालेलं नसतं, आणि थंडरबर्ड जोडणी नाकारतो. सेल बदला, तारीख लावा, मेल सुरू.

दुसरं, पासवर्ड. बरोबर पासवर्ड टाकूनही जीमेल घेत नसेल तर प्रोग्रॅम दहा वेळा बसवला तरी फरक पडणार नाही. नुसता पासवर्ड घेऊन बाहेरच्या प्रोग्रॅमला आत सोडायचं गूगलने साध्या खात्यांसाठी मे 2022 अखेरीस बंद केलं. सर्व्हर सेटिंग्जमध्ये ‘ऑथेंटिकेशन मेथड’ला ‘ओऑथ 2’ (गूगलच्याच खिडकीतून लॉगिन करायची पद्धत) निवडलंय का ते बघा. आउटगोइंग सर्व्हरलाही तेच लागतं. पुष्कळ जण ते विसरतात आणि मग मेल येते पण जात नाही.

तिसरं, बिघाड एकाच फोल्डरपुरता आहे का? पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला लाईटचा काही नेम नसतो. मेल उतरत असतानाच ती गेली की इनबॉक्सची अनुक्रमणिका बिघडते: मेलवर क्लिक केलं की भलतीच मेल उघडते किंवा मजकूर कोरा दिसतो. अशा वेळी फोल्डरवर राइट क्लिक, ‘प्रॉपर्टीज’, ‘रिपेअर फोल्डर’. मोठ्या इनबॉक्सला वेळ लागतो, मधेच बंद करू नका.

चौथं, ‘हेल्प’ मेन्यूतला ‘ट्रबलशूट मोड’. मेन्यू दिसत नसेल तर ऑल्ट दाबा. या मोडमध्ये जोडलेली सगळी अॅड-ऑन बंद होऊन थंडरबर्ड उघडतो. तिथे नीट चालत असेल तर दोषी एखादं अॅड-ऑन आहे. ते काढा आणि मोकळे व्हा.

एवढं करूनही जमलं नाही, किंवा अपडेट अर्धवट होऊन प्रोग्रॅम उघडतच नाही, तर पुढे चला.

पॉप की आयमॅप: सगळं इथे ठरतं

डावीकडे खात्याच्या नावावर राइट क्लिक करून ‘सेटिंग्ज’ उघडा आणि ‘सर्व्हर सेटिंग्ज’वर जा. सगळ्यात वर ‘सर्व्हर टाइप’, म्हणजे सर्व्हरवरून मेल आणायची पद्धत, लिहिलेली असते: पॉप किंवा आयमॅप.

तिथे आयमॅप असेल तर मेल मुळात सर्व्हरवर आहे आणि कॉम्प्युटरवर तिची प्रत. प्रोफाइल गेलं तरी खातं पुन्हा जोडल्यावर मेल परत उतरते. पॉप असेल तर मेल सर्व्हरवरून उतरून तुमच्या हार्ड डिस्कवर आली आहे, आणि सर्व्हरवर ती राहिलीच असेल असं नाही. त्याच पानावर ‘लीव्ह मेसेजेस ऑन सर्व्हर’ असा चौकोन असतो, त्याखाली किती दिवस ठेवायची त्याचा आकडा. चौकोन रिकामा असेल तर जगातली एकमेव प्रत तुमच्या समोरच्या डब्यात आहे असं धरून चाला.

आता या दोन्हींच्या मधली जागा, जिथे जाणतेही फसतात: ‘लोकल फोल्डर्स’. डावीकडच्या यादीत खात्यांच्या खाली हे नाव दिसतं. खातं आयमॅपचं असलं, तरी इथे ओढून ठेवलेली मेल फक्त या कॉम्प्युटरवर असते. जीमेलची 15 जीबी जागा फोटो आणि ड्राइव्ह मिळून भरते, मग माणूस जुनी मेल लोकल फोल्डर्समध्ये ‘गिऱ्हाईक’, ‘बँक’, ‘सीए’ असे कप्पे करून हलवतो आणि सर्व्हर रिकामा करतो. नंतर कुणी विचारलं की ‘आमचं जीमेल आहे की, सगळं ऑनलाइन असतं’ हे ठाम उत्तर. लोकल फोल्डर्स उघडून बघितल्याशिवाय ते मान्य करू नका.

काय काय आहे त्याची नोंद

मोबाइल काढा आणि खात्यांच्या सेटिंगचे फोटो घ्या: इनकमिंग सर्व्हरचं नाव आणि पोर्ट, आउटगोइंगचं नाव आणि पोर्ट, युजरनेम, सही. जीमेलचं काही अडत नाही. आयमॅपला पोर्ट 993, पाठवण्यासाठी 465 किंवा 587, थंडरबर्ड ते स्वतःच भरतो. खरी अडचण स्वतःच्या डोमेनच्या मेलची. कंपनीच्या नावाची मेल वेबसाइट बनवणाऱ्या पोराने केव्हातरी चालू करून दिलेली असते, पासवर्ड त्यानेच थंडरबर्डमध्ये भरलेला असतो, आणि पोरगा आता पुण्याला. तो पासवर्ड ‘सेटिंग्ज’, ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, ‘सेव्ह्ड पासवर्ड्स’ इथे बघता येतो. आत्ताच वहीत उतरवून घ्या. प्रोग्रॅमच उघडत नसेल तर त्याचा उपाय पुढे आहे.

अॅड्रेस बुक उघडून प्रत्येक यादी ‘एक्सपोर्ट’ करून ठेवा. मेल हरवली तर ती पाठवणाऱ्याकडे असते, पत्ते मात्र कुणाकडेच नसतात.

प्रत काढणे

थंडरबर्डमध्ये ‘टूल्स’खाली ‘एक्सपोर्ट’ आहे. पण प्रोफाइल 2 जीबीच्या वर गेलं की ती झिप फाइल बनवत नाही, आणि धंद्याच्या मेलचं प्रोफाइल त्याहून मोठंच असतं. म्हणून हातानेच प्रत काढा.

प्रोग्रॅम उघडत असेल तर ‘हेल्प’, ‘ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन’ मध्ये ‘प्रोफाइल फोल्डर’समोर ‘ओपन फोल्डर’ दाबा. मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून घेतलेल्या थंडरबर्डचं प्रोफाइल वेगळ्या जागी असू शकतं, त्यामुळे प्रोग्रॅमलाच विचारणं बरं. उघडत नसेल तर विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, चौकटीत टक्क्याचं चिन्ह, त्याला जोडून ‘अॅपडेटा’, पुन्हा टक्क्याचं चिन्ह असं रोमन अक्षरांत टाइप करून एंटर करा. ‘रोमिंग’ नावाचं फोल्डर उघडेल, त्यात ‘थंडरबर्ड’. हे आख्खं फोल्डर कॉपी करायचं आहे.

कॉपी करण्याआधी थंडरबर्ड बंद करा, आणि टास्क मॅनेजरमध्ये तो मागे चालू राहिला नाही ना ते बघा. चालू असताना घेतलेली प्रत वरून पूर्ण दिसते, पण आत अर्धवट लिहिलेल्या फाइली असू शकतात. कॉम्प्युटर यूपीएसवर नसेल तर ढग दाटलेले बघून हे काम काढू नका.

आता पेनड्राइव्हची गोष्ट. पुष्कळ पेनड्राइव्ह ‘फॅट 32’ पद्धतीने फॉरमॅट केलेले असतात आणि त्यावर 4 जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही. थंडरबर्ड एका फोल्डरची सगळी मेल साधारणपणे एकाच फाइलमध्ये ठेवतो, तेव्हा जुना इनबॉक्स सहज 4 जीबी ओलांडतो. 32 जीबीचा ड्राइव्ह जवळजवळ रिकामा असूनही ‘फाइल फार मोठी आहे’ असा निरोप येतो, माणूस गोंधळून ‘स्किप’ दाबतो, बाकीचं सगळं कॉपी होतं, आणि राहतो तो नेमका इनबॉक्स. पेनड्राइव्हवर दुसरं काही नसेल तर तो आधी ‘एक्सफॅट’ किंवा ‘एनटीएफएस’मध्ये फॉरमॅट करून घ्या, नाहीतर बाहेरची हार्ड डिस्क वापरा.

कॉपी झाल्यावर मूळ फोल्डर आणि प्रत, दोन्हींवर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मध्ये साइज आणि फाइलींची संख्या जुळवा. मग प्रतीच्या आत एक फेरी मारा. ‘प्रोफाइल्स’मध्ये आठ-दहा वेड्यावाकड्या अक्षरांनी सुरू होणारं एक फोल्डर असेल. एकापेक्षा जास्त असली तर ज्याचा आकार मोठा आणि तारीख ताजी, ते तुमचं. त्यात ‘मेल’ फोल्डरमध्ये पॉप आणि लोकल फोल्डर्स, ‘आयमॅपमेल’मध्ये आयमॅपची खाती. आत ‘इनबॉक्स’ नावाच्या दोन फाइली दिसतील. एकीला शेवटी ‘एमएसएफ’ आहे, ती नुसती अनुक्रमणिका, गेली तरी पुन्हा बनते. दुसरीला एक्स्टेंशनच नाही. खरी मेल ती. एखादी छोटी अशी फाइल, म्हणजे ‘ड्राफ्ट्स’ वगैरे, नोटपॅडमध्ये उघडून बघा. ‘फ्रॉम’ने सुरू होणारी ओळ, खाली तारीख, विषय, मग मजकूर, आणि पुढच्या मेलला पुन्हा ‘फ्रॉम’. असं दिसलं तर प्रत वाचण्यासारखी आहे. काही न बदलता बंद करा.

काढणे

हे काम सगळ्यात सोपं. ‘सेटिंग्ज’, ‘अॅप्स’, यादीत ‘मोझिला थंडरबर्ड’, अनइन्स्टॉल. ‘मोझिला मेंटेनन्स सर्व्हिस’ वेगळी दिसेल. कॉम्प्युटरवर फायरफॉक्स असेल तर ती राहू द्या. कॉम्प्युटर रीस्टार्ट करा. ‘सी’ ड्राइव्हच्या ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये ‘मोझिला थंडरबर्ड’ हे फोल्डर उरलं असेल तर डिलीट करा. जुनी 32 बिटची आवृत्ती होती त्यांनी ‘एक्स 86’ लिहिलेल्या ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्येही डोकवावं.

आता ‘रोमिंग’मध्ये जा आणि तिथल्या ‘थंडरबर्ड’ फोल्डरचं नाव बदलून ‘थंडरबर्ड जुना’ करा. डिलीट करू नका. नाव बदललं की नव्या प्रोग्रॅमला ते सापडत नाही, तो कोऱ्या पाटीने सुरू होतो, आणि तुमची मेल मात्र तिथेच सुखरूप. ‘रोमिंग’च्या शेजारच्या ‘लोकल’मध्येही ‘थंडरबर्ड’ असतं. त्यात नेहमीच्या मांडणीत फक्त कॅश, म्हणजे तात्पुरत्या फाइली, असतो, ते खुशाल उडवा. रजिस्ट्री साफ करून देणारी फुकटची सॉफ्टवेअरं मात्र या कामाला नकोत. त्यांनी थंडरबर्ड सुधारत नाही आणि कधी टॅली, कधी प्रिंटर बंद पडतो.

नव्याने बसवणे

थंडरबर्ड त्याच्या स्वतःच्या साइटवरूनच घ्या: ‘थंडरबर्ड डॉट नेट’. सर्चमध्ये सगळ्यात वर ‘स्पॉन्सर्ड’ म्हणून येणाऱ्या लिंकवर जाऊ नका. ऑफिससाठी मी ‘ईएसआर’ आवृत्ती निवडतो, तिच्यात दर महिन्याला बदल होत नाहीत. पण एक लक्षात ठेवा: आधी त्याहून नवी आवृत्ती होती आणि आता जुनी बसवली, तर थंडरबर्ड ते जुनं प्रोफाइल उघडायला नकार देतो. तेव्हा आधीच्या आवृत्तीएवढी किंवा तिच्यापुढची घ्या. विंडोज 7 किंवा 8 वर अजून काम चालतं त्यांना 115 च्या पुढची आवृत्ती बसणारच नाही.

पहिल्यांदा उघडल्यावर नाव, मेल पत्ता, पासवर्ड मागेल. जीमेलसाठी गूगलची स्वतःची खिडकी उघडते. ज्या मोबाइलवर कोड येतो तो शेजारी असू द्या. कोड मालकाच्या मोबाइलवर येत असेल आणि मालक गोव्याला असतील, तर काम दुसऱ्या दिवशी करा. आयमॅप की पॉप असं विचारलं तर आयमॅप निवडा, खातं आधी पॉपचं असलं तरी.

एक मेल स्वतःलाच पाठवा, एक उत्तर द्या, एक अॅटॅचमेंट जोडून बघा. सगळं चाललं तर बिघाड जुन्या प्रोफाइलमध्ये होता हे सिद्ध झालं. म्हणूनच ते प्रोफाइल जसंच्या तसं परत ओतायचं नाही, नाहीतर एवढा खटाटोप पाण्यात.

जीमेलचा साठा मोठा असेल तर सगळं एका दमात उतरवू नका. आयमॅपवरून दिवसाला 2,500 एमबी अशी गूगलची मर्यादा आहे. ती ओलांडली की खातं तात्पुरतं अडवलं जातं. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम चालत असेल तर डेटाही संपतो. खात्याच्या ‘सिंक्रोनायझेशन अँड स्टोरेज’मध्ये अलीकडच्या 30 दिवसांचीच मेल उतरवायला सांगा. जीमेलच्या वेबवरच्या सेटिंगमध्ये ‘लेबल्स’खाली ‘ऑल मेल’समोरचं ‘शो इन आयमॅप’ काढून टाका, म्हणजे तीच मेल दोनदा उतरणार नाही.

जुनी मेल परत आणणे

पॉपची आणि लोकल फोल्डर्सची मेल आता आणायची. नव्या थंडरबर्डमध्ये ‘अकाउंट सेटिंग्ज’, ‘लोकल फोल्डर्स’ उघडा, तिथे ‘लोकल डिरेक्टरी’चा पत्ता दिसेल. तो टिपून थंडरबर्ड बंद करा. फाइल एक्सप्लोररमध्ये एका बाजूला तो पत्ता उघडा, दुसऱ्या बाजूला ‘थंडरबर्ड जुना’मधलं ‘मेल’ फोल्डर. एक्स्टेंशन नसलेल्या फाइली कॉपी करा, ‘एमएसएफ’वाल्या सोडून द्या. ‘एसबीडी’ने संपणारी फोल्डरं म्हणजे पोटातले कप्पे, तीही घ्या. पॉपच्या ‘इनबॉक्स’ आणि ‘सेंट’ फाइलींना कॉपी केल्यावर ‘जुना इनबॉक्स’, ‘जुने सेंट’ अशी नावं द्या. सोबत ‘एसबीडी’ असेल तर त्याचंही पुढचं नाव तसंच बदला. कट कधीच करू नका, कॉपीच.

थंडरबर्ड उघडा. लोकल फोल्डर्सखाली ही नावं दिसतील. प्रत्येकावर एकेकदा क्लिक करून थांबा. अनुक्रमणिका नव्याने बनते. आधी डिलीट केलेल्या काही मेल परत उगवल्या तर घाबरू नका, ‘कॉम्पॅक्ट’ करेपर्यंत थंडरबर्ड त्या फाइलमधून खरोखर काढत नसतो.

पत्ते एक्सपोर्ट केलेल्या फाइलीवरून इम्पोर्ट करा. प्रोग्रॅम उघडत नसल्यामुळे एक्सपोर्ट राहिलं असेल तर जुन्या प्रोफाइलमधली ‘अॅबुक डॉट एस्क्यूलाइट’ ही फाइल, थंडरबर्ड बंद ठेवून, नव्या प्रोफाइलमधल्या त्याच नावाच्या फाइलीच्या जागी टाका. हरवलेल्या पासवर्डांसाठी ‘की 4 डॉट डीबी’ आणि ‘लॉगिन्स डॉट जेसन’ या दोन फाइली तशाच आणायच्या, पण दोन्ही मिळूनच. एकटी कुठलीही कामाची नाही. ‘प्रेफ्स डॉट जेएस’ला हात लावू नका. सगळी सेटिंग तिच्यात असतात, आणि तीच आणली तर बिघाडही बरोबर येण्याचा संभव.

पॉपच ठेवायचं असेल त्यांच्याकडे सर्व्हरवर उरलेली मेल पुन्हा उतरून दुहेरी होते. ते टाळायला पहिल्यांदा मेल घेण्याआधी जुन्या खात्याच्या फोल्डरमधली ‘पॉपस्टेट डॉट डॅट’ नव्या खात्याच्या फोल्डरमध्ये ठेवा. कुठली मेल आधीच उतरली त्याची नोंद तिच्यात असते.

मराठी, कन्नड आणि चौकोन

आपल्याकडे एकाच इनबॉक्समध्ये तालुका ऑफिसचं कन्नड पत्र, कोल्हापूरच्या व्यापाऱ्याची मराठी मेल आणि बँकेचं इंग्रजी असतं. नव्या प्रोफाइलमध्ये फॉन्टची जुनी निवड जाते. ‘सेटिंग्ज’, ‘जनरल’, ‘लँग्वेज अँड अपिअरन्स’मध्ये ‘अॅडव्हान्स्ड’ उघडा, ‘फॉन्ट्स फॉर’मध्ये आधी देवनागरी आणि मग कन्नड निवडून दोन्हींना ‘निर्मला यूआय’ द्या. विंडोजमधल्या या फॉन्टमध्ये दोन्ही लिप्या आहेत. अक्षरांऐवजी टोपी-मात्रा घातलेली रोमन चिन्हं दिसत असतील तर ती मेल उघडून ‘व्ह्यू’मध्ये ‘रिपेअर टेक्स्ट एन्कोडिंग’ करून बघा. अॅटॅचमेंट श्रीलिपीत किंवा कन्नड टायपिंगच्या जुन्या नुडीत टाइप केलेली असेल तर थंडरबर्डला दोष देण्यात अर्थ नाही, तो फॉन्ट कॉम्प्युटरवर असावा लागतो.

‘थंडरबर्ड जुना’ हे फोल्डर लगेच काढू नका. निदान एका जीएसटी रिटर्नची धावपळ होऊन जाऊ द्या; सीए मागतील त्या जुन्या मेल शोधताना काय राहिलं ते आपोआप कळतं. मग ‘सी’ ड्राइव्हवरचं काढा, बाहेरच्या डिस्कवरची प्रत ठेवा आणि तिच्या नावात तारीख घाला. हा कॉम्प्युटर विकायचा किंवा गावाकडच्या भाच्याला द्यायचा असेल, तर जुनं आणि नवं दोन्ही प्रोफाइल आधी काढा: ‘प्रायमरी पासवर्ड’ लावलेला नसेल तर ज्याच्या हातात या फाइली, त्याला तुमचे सगळे पासवर्ड वाचता येतात. त्यानंतर ‘रीसेट धिस पीसी’मध्ये ‘क्लीन डेटा’ चालू करून डिस्क पुसा.